सरोगसीचा कायदा आणि स्त्रीचे आरोग्य

धर्मग्रामातील दांपत्य मेळाव्यात आम्ही प्रश्नांसाठी एक पेटी ठेवतो. चिठ्ठीवर नाव लिहावयाचे नसते. अलीकडे त्या पेटीतून एक प्रश्न हमखास निघतो : मूल होत नसेल तर सरोगसीचा मार्ग कॅथॉलिक दांपत्याला चालेल का? गेल्या मेळाव्यात मात्र एक चिठ्ठी निराळी होती. ‘माझ्या मोठ्या नणंदेसाठी मी नऊ महिने मूल वाढवावे, असे सासरी सर्वांचे मत आहे. पैशांचा विषय नाही. पण माझ्या शरीराला यात काही धोका आहे का, हे मला कोणी सांगत नाही.’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्तसभेने पूर्वीच दिलेले आहे आणि ते पुढे येईलच. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी माझ्यापाशी नव्हते. त्यासाठी कायदा वाचावा लागला आणि वैद्यकशास्त्रातील काही निष्कर्ष समजून घ्यावे लागले. वाचकांच्या संदर्भासाठी ते येथे देत आहे.

सरोगसी म्हणजे नेमके काय?

एका स्त्रीने दुसऱ्या दांपत्याचे मूल आपल्या उदरात वाढवावे आणि जन्मानंतर ते त्यांच्या स्वाधीन करावे, या व्यवस्थेला सरोगसी म्हणतात. वर्तमानपत्रांनी तिला ‘उसने मातृत्व’, ‘भाडोत्री मातृत्व’ अशी नावे दिली. ‘भाडोत्री’ हा शब्द त्या स्त्रीवरच डाग ठेवतो, म्हणून मी तो वापरीत नाही. पूर्वी क्वचित त्या स्त्रीचेच बीजांड वापरले जात असे. भारतीय कायद्याने त्याला मनाई केली आहे. आता प्रयोगशाळेत तयार केलेला भ्रूण तिच्या गर्भाशयात ठेवला जातो. याचा अर्थ, जी स्त्री बाळंतीण होते तिचे त्या मुलाशी रक्ताचे नाते नसते. वैद्यकीय दृष्टीने ही गोष्ट वरवर दिसते त्याहून महत्त्वाची आहे.

कायदा येईपर्यंत

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९८६ साली शरीराबाहेरील फलनाने मूल जन्माला आले, तेव्हा या तंत्राकडे कुतूहलाने पाहिले गेले. २००२ च्या सुमारास व्यापारी सरोगसीला आपल्या देशात मोकळीक मिळाली आणि थोड्याच वर्षांत गुजरातमधील आणंद हे गाव जगाच्या नकाशावर गेले. परदेशी दांपत्ये येत, स्थानिक गरीब स्त्रिया गर्भ वाढवीत. घरापासून दूर वसतिगृहात त्यांचे नऊ महिने जात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली खरी, पण ती मोडणाऱ्याला शिक्षा नव्हती. २००८ मध्ये एका जपानी दांपत्याचा घटस्फोट मूल जन्मण्यापूर्वीच झाला आणि आणंदमध्ये जन्मलेली ती बालिका कोणाची, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पुढच्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २२८ व्या अहवालात व्यापारी सरोगसी बंद करावी, अशी शिफारस केली. २०१५ च्या अखेरीस परदेशी नागरिकांना दरवाजा बंद झाला. ‘मला आई व्हायचंय!’ हा राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त मराठी चित्रपट त्याच काळातला. परदेशी दांपत्यासाठी मूल वाढविणाऱ्या खेड्यातील स्त्रीची ती कथा अनेकांना आठवत असेल.

या सर्व चर्चेत प्रश्न असे तो मुलाच्या नागरिकत्वाचा, पासपोर्टचा, कराराचा. बाळंतिणीची चर्चा क्वचितच होई. २०१२ साली अहमदाबादमध्ये दुसऱ्यासाठी मूल वाढविणारी एक स्त्री आठव्या महिन्यात झटके येऊन दगावली. तातडीची शस्त्रक्रिया करून मूल वाचविण्यात आले. त्यापूर्वी, २०१० मध्ये, मुंबईत अवघ्या सतरा वर्षांची एक मुलगी बीजांडे दिल्यानंतर दोन दिवसांत मरण पावली. तिने त्यापूर्वीही बीजांडे दिली होती. तिचे प्रकरण पुढे मुंबई उच्च न्यायालयासमोर आले. बीजांड देणे म्हणजे रक्तदानासारखेच आहे, असे जे सर्रास सांगितले जाते, ते किती फसवे आहे हे या एका घटनेवरून कळावे.

२०२१ चा कायदा काय सांगतो?

संसदेने डिसेंबर २०२१ मध्ये दोन जोडकायदे संमत केले. सरोगसी (विनियमन) अधिनियम हा एक आणि सहायक प्रजनन तंत्रज्ञान (विनियमन) अधिनियम हा दुसरा. जानेवारी २०२२ पासून ते अमलात आहेत आणि सरोगसीचे नियम जून २०२२ मध्ये आले.

व्यापारी सरोगसी आता गुन्हा आहे. ती चालविणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पैसे देऊन असे मूल मिळवू पाहणाऱ्या दांपत्यालाही पहिल्या गुन्ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परवानगी आहे ती फक्त परोपकारी सरोगसीला, म्हणजे वैद्यकीय खर्च, नियमांत सांगितलेले अन्य खर्च आणि विमा यांखेरीज त्या स्त्रीला एक पैसाही न देता केलेल्या सरोगसीला.

इच्छुक दांपत्य भारतीय व विवाहित हवे. पत्नीचे वय २३ ते ५०, पतीचे २६ ते ५५. त्यांना हयात अपत्य नसावे. मूल अपंग अथवा जीवघेण्या आजाराने ग्रस्त असेल तर अपवाद आहे. विधवा आणि घटस्फोटित स्त्रीला ३५ ते ४५ या वयात अर्ज करता येतो. केवळ नोकरी किंवा सोय हे कारण चालत नाही. गर्भाशय नसणे किंवा काढावे लागलेले असणे, वारंवार गर्भपात, शरीराबाहेरील फलनाचे अनेक प्रयत्न फसणे, गर्भारपणाने स्त्रीच्या जिवाला धोका संभवणारा आजार, अशी वैद्यकीय कारणे नियमांत नमूद आहेत. आखातात, कॅनडात वा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांपैकी ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्यांना भारतीय वंशाचे दांपत्य म्हणून राष्ट्रीय मंडळाचे शिफारसपत्र आधी मिळवावे लागते.

दात्याच्या बीजावरून नियम दोनदा फिरला. मार्च २०२३ मध्ये दात्याचे बीज पूर्णतः बंद केले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये पती किंवा पत्नी यांपैकी एकाला वैद्यकीय अडचण असल्यास, जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर ते पुन्हा खुले झाले. मात्र निदान एका जोडीदाराचे बीज असलेच पाहिजे. विधवा व घटस्फोटितेला स्वतःचेच बीजांड वापरावे लागते. वयोमर्यादेबद्दल सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असा निर्णय दिला की, कायदा येण्यापूर्वीच ज्या दांपत्यांनी भ्रूण तयार करून गोठविण्यापर्यंतची प्रक्रिया केली होती, त्यांना ही मर्यादा लागू होणार नाही.

आता मूल वाढविणाऱ्या स्त्रीविषयी. ती विवाहित किंवा पूर्वी विवाह झालेली, स्वतःचे मूल असलेली आणि भ्रूण ठेवण्याच्या दिवशी २५ ते ३५ वयाची असली पाहिजे. आयुष्यात एकदाच तिला हे करता येते. शारीरिक व मानसिक पात्रतेचा दाखला लागतो. सर्व ज्ञात दुष्परिणाम तिला समजेल अशा भाषेत सांगून लेखी संमती घ्यावी लागते. भ्रूण गर्भाशयात ठेवण्यापूर्वी कोणत्याही क्षणी ती संमती मागे घेऊ शकते. प्रसूतीनंतरच्या गुंतागुंतींसाठी ३६ महिन्यांचा विमा तिच्या नावे काढणे बंधनकारक आहे. तिच्यावर गर्भपाताची सक्ती करणे हा गुन्हा आहे. नियमानुसार एका वेळी एकच भ्रूण ठेवावयाचा असतो, विशेष परिस्थितीत तीनपर्यंत. आणि ‘एकदाच’ याचा अर्थ एकच प्रयत्न असा नाही. तीन प्रयत्नांपर्यंत मुभा आहे. प्रत्येक प्रयत्नाला औषधांचा पूर्ण क्रम नव्याने घ्यावा लागतो, ही गोष्ट घरच्या बैठकीत कोणी बोलत नाही.

पूर्वीच्या अराजकाशी तुलना केली तर हा कायदा निःसंशय मोठे पाऊल आहे. वसतिगृहे गेली, दलाल निदान उघडपणे तरी फिरत नाहीत. श्रेय द्यावयास हवे.

शरीरावर काय परिणाम होतात?

नैसर्गिक गर्भधारणेत बीजांड सुटल्यावर बीजकोशात एक पिवळसर ग्रंथी तयार होते. ती पहिल्या काही आठवड्यांत गर्भाला आधार देणारी संप्रेरके निर्माण करते. सरोगसीमध्ये बहुधा त्या स्त्रीची स्वतःची मासिक लय औषधांनी थांबवून इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन बाहेरून दिले जाते. प्रोजेस्टेरॉनची तेलयुक्त इंजेक्शने कित्येक आठवडे रोज घ्यावी लागतात. जागा सुजते, गाठी होतात. पण मुद्दा एवढाच नाही. ती पिवळसर ग्रंथी नसलेल्या गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचे व त्यातून झटके येण्याच्या आजाराचे प्रमाण अधिक आढळते. त्यात भर म्हणजे गर्भ तिच्या शरीराला पूर्णतः परका असतो. आपल्या स्वतःच्या मुलाचा अर्धा वारसा आईचा असतो, म्हणून शरीर त्याला सामावून घेते. दुसऱ्याच्या बीजांडापासून झालेल्या गर्भारपणात रक्तदाबाचा हा धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राने वारंवार नोंदविले आहे.

या बाबतीत कॅनडातील ओंटारिओ प्रांतातला एक अभ्यास विचारात घेण्याजोगा आहे. २०१२ ते २०२१ या काळातील आठ लाखांहून अधिक एकेरी जन्मांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत ८०६ स्त्रियांनी दुसऱ्यासाठी मूल वाढविले होते. नैसर्गिक गर्भधारणा झालेल्या स्त्रियांत मातेची गंभीर गुंतागुंत २.३ टक्के आढळली. शरीराबाहेरील फलनाने स्वतःचे मूल वाढविणाऱ्यांत ४.३ टक्के, आणि दुसऱ्याचे मूल वाढविणाऱ्यांत ७.८ टक्के. गंभीर गुंतागुंत म्हणजे प्रसूतीनंतरचा भयंकर रक्तस्राव, तीव्र रक्तदाबाचा विकार, जंतुसंसर्ग रक्तात पसरणे यांसारखे प्रकार.

हे आकडे वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅनडातही २००४ पासून सरोगसीसाठी मोबदला देणे बेकायदा आहे. म्हणजे तेथील व्यवस्था आपल्यासारखीच परोपकारी. वैद्यकीय सुविधा आपल्यापेक्षा सरस. तरीही धोका तिपटीहून अधिक. पैसा वगळल्याने व्यवहार स्वच्छ होतो, रक्तदाब कमी होत नाही.

सिझेरियनचा विचार वेगळा करावयास हवा. कायद्यानेच अट घातली आहे की त्या स्त्रीला स्वतःचे मूल असावे. आपल्याकडे अनेकींचे पहिले बाळंतपण सिझेरियनने झालेले असते. पोटावरच्या प्रत्येक नव्या छेदाबरोबर पुढच्या गर्भारपणात वार खाली बसण्याचा किंवा जुन्या व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो. रुतलेली वार सुटत नाही, रक्तस्राव थांबत नाही आणि जीव वाचविण्यासाठी कधी कधी गर्भाशयच काढावे लागते. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या सुनेला तिचे दुसरे मूल अजून व्हावयाचे असेल, तर नणंदेच्या मुलासाठी ती स्वतःच्या पुढील मुलाची शक्यता पणाला लावीत असते. ३६ महिन्यांचा विमा औषधपाण्याचा खर्च देईल. गेलेले गर्भाशय तो परत देत नाही.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध येते. मूल जवळ नसते. दूध आटविण्यासाठी गोळ्या दिल्या जातात. त्या काळात मन खचणे सामान्य बाळंतिणीतही आढळते. येथे तर रिकाम्या हातांनी घरी यावयाचे असते आणि शेजारीपाजारी काय सांगावे हा पेच असतो. नणंदेचे मूल असेल तर ते पुढे आयुष्यभर डोळ्यांसमोर राहणार, ही गोष्ट कोणाला दिलासा वाटेल, कोणाला जखम.

बीजांड देणाऱ्या स्त्रीविषयी थोडक्यात सांगतो. एकाच वेळी अनेक बीजांडे पिकावीत म्हणून तिला तीव्र औषधे दिली जातात. काहींच्या बीजकोशांना त्यामुळे प्रमाणाबाहेर सूज येते, पोटात व छातीत पाणी साचते, रक्ताच्या गुठळ्या होतात. क्वचित हा प्रकार प्राणघातक ठरतो. नव्या कायद्याने तिचे वय २३ ते ३५ ठरविले, आयुष्यात एकदाच आणि सातपेक्षा अधिक बीजांडे काढू नयेत असे बंधन घातले, तसेच बारा महिन्यांच्या विम्याची अट घातली.

‘स्वेच्छा’ या शब्दाविषयी

२०१९ च्या विधेयकात मूल वाढविणारी स्त्री दांपत्याची जवळची नातलगच असावी, अशी अट होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने ती काढून ‘इच्छुक स्त्री’ असा शब्द सुचविला आणि तोच कायद्यात आला. परंतु मोबदला नाही म्हटल्यावर परकी स्त्री कशासाठी पुढे येईल? व्यवहारात भार पुन्हा घरातल्या स्त्रीवर येतो. संसदेच्या स्थायी समितीने २०१७ मधील आपल्या १०२ व्या अहवालात नेमका हाच इशारा दिला होता : कुटुंबात स्त्रीवर दबाव येईल आणि तिच्या होकाराला स्वेच्छा म्हणणे कठीण होईल. त्यावर समितीने सुचविलेला उपाय, म्हणजे भरपाई देण्याचा, मला पटत नाही. निदान मात्र अचूक होते.

बायबलच्या वाचकांना हे नवीन नाही. उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायात सारा आपली दासी हागार अब्राहामाला देते. त्या साऱ्या बोलण्यात हागारला कोणी विचारीत नाही. सारा तिचे नावही घेत नाही, ‘माझी दासी’ म्हणते. तिला नावाने हाक मारतो तो परमेश्वराचा दूत, तीही ती रानात पळून गेल्यावर, झऱ्यापाशी. प्रवचनात आपण हा भाग घाईने ओलांडतो, असे मला पुष्कळदा वाटते.

ख्रिस्तसभेची शिकवण

श्रद्धासिद्धान्त मंडळाच्या १९८७ च्या ‘दोनुम वीते’ या दस्तऐवजाने सरोगसी नीतिबाह्य ठरविली. मूल दांपत्याच्या परस्पर आत्मदानातून, आईच्या उदरात यावे, हा त्यामागील विचार. कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २३७६ ते २३७९) सांगतो की मूल हे दान आहे, कोणाचा हक्क नव्हे. आणि त्याच ठिकाणी अपत्यहीनतेचे दुःख किती तीव्र असते, याचीही तो दखल घेतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ८ जानेवारी २०२४ रोजी राजदूतांसमोर बोलताना सरोगसीवर जगभर बंदी घालण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘दिग्नितास इन्फिनिता’ या घोषणापत्रात मुलाबरोबरच त्या स्त्रीच्या प्रतिष्ठेचा मुद्दा मांडला आहे : तिने दबावाखाली होकार दिला असो वा आपखुशीने, ती दुसऱ्याच्या इच्छेचे साधन बनते. परोपकारी सरोगसीलाही हे लागू आहे. यासोबत गोठवून ठेवलेल्या आणि वापरानंतर उरलेल्या भ्रूणांचा प्रश्न आहेच.

एक खुलासा आवश्यक वाटतो. सरोगसीने जन्मलेल्या मुलावर याचा कोणताही डाग नाही. ते इतर कोणत्याही मुलाइतकेच देवाचे देणे आहे आणि स्नानसंस्कारासाठी त्याला आणणाऱ्या आईवडिलांना दारातून परत पाठविले जाणार नाही.

कारणांकडे आधी पाहावे

गर्भाशय नाही म्हणून सरोगसी, इथवर गोष्ट येण्याआधी बरेच काही घडून गेलेले असते. आपल्या देशात बीजवाहिन्या व गर्भाशयाचा क्षयरोग हे वंध्यत्वाचे एक महत्त्वाचे कारण आहे. तो बहुधा मुकाट्याने वाढतो. ताप नाही, खोकला नाही, फक्त पाळी कमी होत जाते. वेळीच निदान झाले तर उपचार सरकारी केंद्रात मोफत मिळतात. उशीर झाला की गर्भाशयाचे अस्तर कायमचे खराब होते. दुर्लक्षित जंतुसंसर्ग, असुरक्षित गर्भपात, किरकोळ तक्रारीवरून घाईने काढलेली गर्भपिशवी, ही आणखी कारणे. आणि दोष पतीमध्ये असण्याची शक्यता पुष्कळ असते, तरीही तपासणीला एकटी पत्नी जाते. वीर्यतपासणीला नकार देणारे पुरुष मी पाहिले आहेत. त्यांत शिकलेले कमी नाहीत.

दत्तकाच्या बाबतीत ख्रिस्ती कुटुंबांत अजून एक जुना समज टिकून आहे की आपल्याला कायद्याने मूल दत्तक घेता येत नाही, केवळ पालकत्व मिळते. एके काळी ते खरे होते. १९५६ चा हिंदू दत्तक कायदा आपल्याला लागू नाही आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने फक्त पालकत्वच मिळत असे. बाल न्याय कायद्याने ही अडचण दूर केली. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमानुसार कोणत्याही धर्माच्या दांपत्याला केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नोंदणी करून पूर्ण अर्थाने मूल दत्तक घेता येते आणि त्या मुलाला पोटच्या मुलाचे सर्व हक्क मिळतात. प्रतीक्षा लांब असते. दांपत्याच्या एकत्रित वयाला मर्यादा असल्याने निर्णय लवकर घेतलेला बरा.

मेळाव्यातील त्या भगिनीने हे वाचले असेल तर तिच्यासाठी. कायद्याच्या दृष्टीने तुमच्या सहीखेरीज कोणालाही पुढे जाता येत नाही, आणि भ्रूण ठेवण्याच्या आदल्या दिवशीही तुम्ही नाही म्हणू शकता. सासरची माणसे सोबत नसताना, स्वतः निवडलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटा. आपले पहिले बाळंतपण कसे झाले, रक्तदाब किती होता, व्रणाची स्थिती काय, हे कागदांसह दाखवा. आणखी मूल हवे असल्यास तेही सांगा. आमचे दार उघडे आहे. नणंदेलाही घेऊन या, तिचे दुःख लहान नाही.